बाईंनी तोडून घेतलेला नळ

बाई कुणाच्याही घरी गेल्या की बसण्याआधी पाणी मागत. तहान असो वा नसो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, जिथे जीप खाली सोडून पायी चढावे लागते अशा वाड्यांत तर हमखास. दारात उभ्या राहूनच म्हणत, "आधी तांब्या आण गो, मग बोलू." तांब्या आला की मान वर करून, ओठ न लावता पाणी पीत, पदराने तोंड पुसत आणि मगच उंबरा ओलांडत. मी एकदा कारण विचारले. म्हणाल्या, "साहेब, आपण यांच्याकडे पाणीच मागायला आलोय. ज्याच्याकडे मागायचं त्याच्या हातचं आधी प्यायला नको?"

महाडात नुसते 'बाई' म्हटले तर आमच्या पिढीला दुसरे कुणी आठवत नाही. नोकरीची बरीच वर्षे त्यांनी पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरवाड्यांच्या शाळांत काढली. पुढे महाडला बदली झाली आणि इथूनच त्या निवृत्त झाल्या. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हते. बाजारपेठेच्या मागच्या आळीत त्यांचे दोन खोल्यांचे घर होते आणि त्या घराला दिवसा दार असे नव्हतेच. कुणी नातवाचे नाव सुचवा म्हणून येई, कुणी सुनेची तक्रार घेऊन येई. डोंगरातून बाजाराला उतरलेल्या बायका आपली ओझी बाईंच्या ओटीवर टाकून निर्धास्त गावभर फिरत. त्या ओझ्यांवर पाय पडू नये म्हणून बाई स्वतःच्या घरात अंग चोरून वावरत.

मी तेव्हा पाण्याच्या योजनेवर नोकरीला होतो. वरच्या खोऱ्यात बंधारा, तिथून डोंगराच्या पोटातून बोगदा आणि त्या बोगद्यातून पाणी खाली महाड शहराला, अशी ती योजना होती. खोदणारे अभियंते वेगळे होते. माझ्याकडे काम होते ते लोकांचा पाठिंबा मिळवण्याचे. माझ्या पहिल्याच सभेत मी नकाशा टांगून भरपूर बोललो. शेवटी 'काही शंका?' असे विचारल्यावर मागून एक म्हातारा उठला आणि शांतपणे म्हणाला, "समदं बराबर हाय. पन तुमी कोन?" सभा हसत हसत उठून गेली. परतताना आमच्या ड्रायव्हरने सुचवले, की साहेब, बाईंना घेतल्याशिवाय हे काम व्हायचे नाही, डोंगरातली निम्मी माणसे त्यांच्या हाताखालून गेलेली आहेत.

बाई लगेच तयार झाल्या, आणि त्याचे कारण बोगदा नव्हता, पूर होता. महाडच्या माणसाला पूर समजावून सांगावा लागत नाही. बाजारपेठेत पाणी शिरले तेव्हा बाई शेजाऱ्यांच्या माळ्यावर अडकून पडल्या होत्या. खाली चिखलाचा समुद्र, नळाची यंत्रणा गाळाने बसलेली, आणि माळ्यावर एका बाळंतिणीला प्यायला घोटभर पाणी नाही. बाईंनी पत्र्याच्या पन्हळीखाली पातेले धरले, पदराने पाणी गाळले आणि मेणबत्तीवर वाटीवाटीने कोमट करून तिला पाजले. मला हे सांगताना त्या म्हणाल्या, "चहूकडे पाणी आणि पोरगी पाण्यासाठी ओठ चाटतेय. ते मी पाहिलं ना, मग तुमचा बोगदा काय, मी पाताळात जायला तयार आहे."

आमची माहितीपत्रके त्यांनी हातात घेतली आणि दोन ओळी वाचून परत केली. 'भूमिगत जलवहन' हा शब्द त्यांना फार लागला होता. "हे डोंगरात वाचून दाखवलं तर लोक समजतील की कुणीतरी वारलंय," असे म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच्या भाषेत मजकूर सांगितला आणि मी तो लिहून घेतला. 'डोंगराला भोक पाडायचं आहे, त्यातून पाणी न्यायचं आहे, आणि हे तुम्हाला विचारून करायचं आहे.' बस्, एवढेच. माझ्या वरिष्ठांनी त्यातले शेवटचे वाक्य काढून टाकायला सांगितले होते. बाईंनी ते काढू दिले नाही.

त्यांची सभा घेण्याची रीत तर पाहण्यासारखी होती. नकाशा नाही, कर्णा नाही. पिशवीतून त्या एक मोठे तवसे काढत. कोकणात पावसाळ्याच्या अखेरीस मांडवावर लोंबणाऱ्या त्या जाड काकडीला आम्ही तवसे म्हणतो. ते आडवे धरून त्यात विणायची सुई एका टोकाने खुपसून दुसऱ्या टोकाने बाहेर काढत आणि सर्वांत पुढे बसलेल्या माणसाच्या हातात देत. "बघ रे, वरची साल कुठे फाटली का? बोगदा म्हणजे हेच. वर तुमची शेतं, तुमचं देऊळ, तुमची गुरं जागच्या जागी." ते तवसे हातोहात फिरे. म्हातारे नखाने साल दाबून बघत. सभा संपली की बाई विळी मागवत, तवसे चिरून मीठ लावून सगळ्यांना वाटत आणि म्हणत, "आता बोगदा खा." मी असल्या कितीतरी सभांमध्ये ती फोड खाल्ली आहे. तवशाच्या पोटात कातळ नसतो आणि कातळातून वाट काढणारे झरेही नसतात, हे तिथे बसलेल्यांपैकी मला सर्वांत आधी कळायला हवे होते.

पण डोंगरातल्या वाड्या एकट्या निर्णय घेत नाहीत. घरटी एकजण मुंबईत, आणि त्यांचे मुंबईत मंडळ. गावाकडे देवळाचा पत्रा बदलायचा तरी मंडळाची बैठक होते. त्यामुळे बाई मला घेऊन मुंबईलाही आल्या. एका चाळीच्या समाजखोलीत वरच्या वाडीची मुले जमली होती. वरची वाडी हे तिचे खरे नाव नाही. तिथल्या लोकांना पुन्हा कुणी त्रास देऊ नये म्हणून ते मी इथे लिहीत नाही. एक तरुण तावातावाने बोलत होता की शहराला पाणी पाहिजे तर शहराने आपले बघावे, हमारा क्या फायदा, आमच्या डोंगराला टच करायचे नाही. बाईंनी त्याला बोलू दिले. मग विचारले, "तू सकाळी आंघोळ केलीस?"

"केली की, बाई."

"कुठल्या पाण्याने?"

"नळाच्या."

"तो नळ कुठल्या डोंगरातून येतो, कुणाची गावं हलवून येतो, ते कधी विचारलंस? कुणीतरी तुला पाणी दिलं म्हणून तू इथे टच-बिच बोलतोयस."

खोलीत हशा पिकला आणि तो तरुणही हसला. नंतर त्यानेच चहा आणला. बाहेर पडताना बाई मला म्हणाल्या की पोराचे काही चुकत नव्हते, त्याला गप्प केले पण त्याचा प्रश्न तसाच राहिला. मी मात्र मंडळ वळले याच आनंदात होतो.

वरची वाडी बोगद्याच्या अगदी माथ्यावर होती. तिला एकच पाणी, देवळामागच्या कातळातून येणारा झरा. मे महिन्यातही त्याची धार करंगळीएवढी राहायची आणि त्यावर सगळी वाडी आणि गुरे जगायची. लोक त्याला देवीचे पाणी म्हणत. वाडीची हरकत एवढीच होती, की बोगदा खुशाल खोदा, पण आमच्या झऱ्याला धक्का लागणार नाही हे कुणीतरी छातीवर हात ठेवून सांगा.

त्याच सुमारास खडकाची पाहणी करणारा एक तरुण भूशास्त्रज्ञ मला पोलादपूरच्या स्टँडजवळ चहाच्या टपरीवर भेटला. चहा पिता पिता तो म्हणाला, "साहेब, त्या वरच्या वाडीखाली कातळाला मोठी भेग दिसतेय. सुरुंग लागले की तो झरा खाली बोगद्यात उतरू शकतो. आधी वाडीच्या पाण्याची दुसरी सोय करा आणि मग तो तुकडा खोदा, असं मी सुचवणार आहे." मी त्याला विचारले, की झरा जाईलच असे आहे का. तो म्हणाला, तसे ठामपणे नाही सांगता येणार. त्याच्या सगळ्या बोलण्यातले हे एवढेच वाक्य मी उचलले आणि चहाचा पेला खाली ठेवला.

मला कुणी लाच दिली नव्हती. कुणी दम दिला नव्हता. वाडीची सोय आधी करायची म्हणजे नवा प्रस्ताव, नवी मंजुरी, कामाला खीळ. आणि मला दर आठवड्याला वरून विचारणा होत होती की वरच्या वाडीचे काय झाले. शिवाय आम्ही भेगा सिमेंटने बुजवतोच, तेव्हा काही होणार नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. ठरवले म्हणजे तसे होते असे मला त्या काळात वाटायचे.

वाडीच्या सभेच्या आदल्या संध्याकाळी मी बाईंच्या ओटीवर गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "साहेब, उद्या ते झऱ्याचं विचारणार. मी काय सांगू?"

"काही होणार नाही म्हणून सांगा."

आता त्यांनी मान वर केली. "तुम्ही सांगताय म्हणून सांगू?"

"सांगा, बाई. मी सगळं विचारून घेतलंय."

त्यांनी सूप खाली ठेवले आणि चहा टाकायला उठल्या. पुन्हा विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या मंडपात सगळी वाडी बसली होती. मुंबईचीही चार माणसे आली होती. वाडीतले जुने जाणते धोंडूबाबा म्हणाले, की एवढ्या मोठ्या गोष्टीचा निकाल माणसाने देऊ नये, देवीला कौल लावू. म्हणजे देवीच्या मूर्तीला तांदळाचे दाणे चिकटवायचे आणि कुठल्या बाजूचा दाणा आधी पडतो त्यावरून तिचा होकार की नकार हे ओळखायचे. तिथल्या कुठल्याही मोठ्या कामाआधी हे होतेच. गुरव उठलासुद्धा. बाईंनी त्याला हाताने बसवले.

"बाबा, देवीला कशाला कोड्यात घालता? बोगदा माणसं खोदणार. त्याचा जबाब माणसानेच द्यायला हवा. मी देते. तुमच्या झऱ्याला काही होणार नाही."

धोंडूबाबांनी बाईंकडे पाहिले. त्यांची तिन्ही मुले बाईंच्या शाळेत शिकलेली. मग ते गुरवाला म्हणाले, "बस रे. बाय बोलली, झाला कौल."

मी बाईंच्या शेजारीच बसलो होतो. नको, कौल लावूनच घ्या, असे म्हणायला मला एक श्वास पुरला असता. देवीच्या दाण्यांवर माझा विश्वास नव्हता, पण माझ्या शब्दापेक्षा तो दाणा अधिक प्रामाणिक होता, हे मला माहीत होते. मी टाळ्या वाजवल्या. माझ्यामागून सगळ्यांनी वाजवल्या.

सुरुंग वाडीखाली पोहोचले तेव्हा पावसाळा उलटून गेला होता. आधी झऱ्याची धार गढूळ झाली. मग कमी झाली. शिमग्याच्या सुमारास पालखी झऱ्यावर न्यायची म्हणून माणसे कातळापाशी गेली तर तिथे नुसती ओल होती. खाली बोगद्यात मात्र छतातून पाणी कोसळू लागल्याने काम थांबले होते. आमच्या माणसांनी दाबाने सिमेंट भरले, बोगदा कोरडा केला आणि पुढे गेले. झरा परत वर गेला नाही.

बातमी कळली त्या दिवशीच बाई वर गेल्या. मी त्यांना जीप देऊ केली. नको म्हणाल्या आणि एसटीने गेल्या. तिथे काय झाले ते मला नंतर इतरांकडून कळले. त्या नेहमीप्रमाणे पहिल्या घराच्या दारात उभ्या राहिल्या. पाणी मागितले नाही. ते कुठून मागणार? आणि घरातल्यांनीही 'बसा' म्हटले नाही. धोंडूबाबा म्हणाले, "सायेब लोक बोलतात, आमी कवा मनावर घेतो? तुजं घेतलं, बाय." दुसऱ्या कुणीतरी विचारले, की तुम्हाला कुणी सांगितले होते झऱ्याला काही होणार नाही म्हणून? त्यांनी उत्तर दिले, "मीच बोलले. चुकलं माझं." माझे नाव घेतले नाही. तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही.

मी त्यांना एकदा विचारले, चोरट्यासारखे, की तुम्ही माझे नाव का नाही घेतलेत. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "शब्द माझ्या तोंडून गेला, साहेब. तो माझ्याकडे कुठून आला ते सांगत बसले, तर तो हलका होणार आहे का? त्यांनी तुम्हाला विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं."

डोंगरातून येणारी ओझी त्यांच्या ओटीवर यायची थांबली. एका वाडीवर झाले ते सगळ्या डोंगरात पसरते. बायका आळीच्या तोंडाशी असलेल्या दुकानाच्या पायरीवर बोचकी ठेवू लागल्या. बाईंना ते दारातून दिसे. आता घरात ऐसपैस चालता येते, असे त्या एकदा हसून म्हणाल्या. मला हसता आले नाही.

पुढे बोगद्याचे पाणी महाडात आले. मोठा समारंभ झाला. बोगदा चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. पुढच्या पुरात शहर पुन्हा बुडाले, पण पाणी ओसरल्यावर नळ लगेच चालू झाले. मोठा पाठिंबा मिळवून पूर्ण केलेले काम म्हणून माझे कौतुक झाले आणि मला बढती मिळाली. बाईसुद्धा बोगद्याला कधी वाईट बोलल्या नाहीत. "मागायला हवंच होतं. पण असं नाही मागायचं," एवढेच म्हणत. मी खरे सांगितले असते तर त्यांनी काय केले असते हेही मला ठाऊक आहे. त्या मंडपात उभ्या राहून म्हणाल्या असत्या, झरा जाण्याची भीती आहे, तेव्हा आधी वाडीला नळ, मग सुरुंग. वाडीने ते कबूल केले असते. सहा महिने उशीर झाला असता. शहरालाही पाणी मिळाले असते आणि वाडीलाही.

समारंभानंतर थोड्याच दिवसांत बाई नगरपालिकेत गेल्या आणि आपला नळ तोडा असा अर्ज त्यांनी दिला. काउंटरवरचा कारकून त्यांचाच विद्यार्थी. त्याला वाटले बिलाचा घोळ असेल. बाईंनी त्याला समजावले, की बिल बरोबर आहे रे बाळा, पण वरच्या वाडीला पाणी येईल त्या दिवशी माझा जोड, तोवर राहू दे. त्याने टाळाटाळ केली तेव्हा रोज जाऊन त्याच्यासमोर बसू लागल्या. शेवटी प्लंबर येऊन नळ तोडून गेला. गावाने आधी नवल केले, मग म्हातारपणी चळ लागला म्हटले, मग विसरून गेले. आळीच्या टोकाला एक जुनी विहीर होती. रहाट अजून फिरायचा. बाई तिथून कळशीने पाणी भरू लागल्या. शेजारणी म्हणायच्या, आमच्या नळावरून घ्या. त्या घेत नसत. पाऊस ओसरला की दर महिन्याला पोलादपूरच्या कचेरीत जाऊन वाडीच्या नळाचे काय झाले ते विचारीत. वाडी बोगद्याच्या वर असल्याने पाणी पंपाने चढवावे लागणार होते, आणि त्याचा प्रस्ताव कुठेतरी पडून होता. मी तोवर निवृत्त झालो होतो. माझे घर त्यांच्या पलीकडच्याच आळीत. सकाळी दाढी करताना मी नळ सोडायचो आणि खिडकीतून रहाटाचा आवाज यायचा. मी खिडकी लावून घ्यायचो.

एका श्रावणात त्या विहिरीच्या ओल्या कठड्यापाशी घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. ते वय, ते हाड, पुढे काय होणार ते सगळ्यांनाच दिसत होते. त्यांची भाची माणगावहून येऊन राहिली. मी दुपारी जाऊन बसायचो. सगळे सांगून टाकायचे असे रोज ठरवून जायचो आणि हवापाण्याचे बोलून परत यायचो.

एके दिवशी भाची औषध आणायला गेली होती. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटले झोप लागली आहे. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "साहेब, एक विचारू?"

"विचारा ना, बाई."

"त्या संध्याकाळी ओटीवर मी विचारलं तेव्हा, झरा जाईल हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारले होते. माझ्या तोंडात खरे उत्तर तयार होते. रोज घेऊन येत होतो तेच. मी म्हणालो, "नाही, बाई. मला कसं ठाऊक असणार?"

त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर काहीतरी सैल झाले. माझा हात चाचपडून धरला. म्हणाल्या, "मग बरं. मी मनात आणलं होतं हो. कितीदा वाटलं, या माणसाला ठाऊक होतं. उगाच तुमच्याबद्दल वाईट धरून बसले. मला माफ करा." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे आपण दोघंही फसलो तर."

मी हो म्हणालो.

पितृपक्ष संपायच्या आत बाई गेल्या. नगरवाचनालयात शोकसभा झाली. मलाही बोलायला सांगितले. त्यांची तवशाची गोष्ट मी रंगवून सांगितली, लोक हसले, काहींनी डोळे पुसले. वरच्या वाडीतून कुणी आले नव्हते. आपल्या कार्यक्रमाला डोंगरातली माणसे का नाहीत, असे अध्यक्षांनी मला हळूच विचारले, आणि मी म्हणालो, लांब पडते त्यांना.

त्यानंतर या मे महिन्यात मी वर गेलो. पोलादपूरहून मिनीडोर रिक्षा जाते तिथवर गेलो आणि पुढची चढण थांबत थांबत चढलो. धोंडूबाबा आता नाहीत. अर्धी घरे कुलपे लावून मुंबईला गेली आहेत. मंडपात बायका रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसल्या होत्या. त्यांत बाईंची विद्यार्थिनी सुंदरा होती, धोंडूबाबांची मुलगी. माहेरीच राहते, नवरा एमआयडीसीत होता तो वारला. तिने मला ओळखले. "बोगद्यावालं सायेब," असे बाकीच्यांना सांगितले.

मी उभा राहून सगळे सांगितले. चहाची टपरी, ओटी, टाळ्या. बाईंनी तुम्हाला फसवले नाही, मी बाईंना फसवले, असे सांगितले. एक म्हातारी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "बाय दारात आली तवा बस पन नाय म्हटला आमी." आणि तिने तोंडाला पदर लावला.

सुंदरा माझ्याकडेच बघत होती. "बाईंनी तुमाला इचारलं नाय कवा?"

"विचारलं होतं. शेवटी."

"मग तुमी काय सांगितलंत?"

तेवढ्यात खालच्या वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. बायका धडपडत उठल्या, हंड्यांचा गलका झाला. सुंदरा उठली, पण गेली नाही. हंडा कमरेला लावून उत्तरासाठी थांबली. मी काय सांगितले होते ते मी तिला सांगितले. त्यावर बाई काय म्हणाल्या, तेही सांगितले.

रांगेत तिचा नंबर मागे पडत चालला होता. मला वाटले ती शिव्या देईल, आणि तिने द्याव्यात असेच वाटत होते.

"लिवून काढा ह्ये," ती म्हणाली. "जसं झालं तसं. तुमच्या नावानिशी."

मी म्हटले, लिहितो, आणि छापून आले की इथे आणून देतो.

"हितं नको. हितं कोन वाचनार? म्हाडात द्या. त्यांच्याकडं नळ हाय, त्यांना वाचायला टाइम असंल."

आणि ती हंडा घेऊन रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.